दीनबंधू नारायण मेघाजी लोखंडे

संतचरित्रे ऐकून ज्यांचे कान निवले आहेत अशा आमच्या वाचकांपुढे आज आम्ही एका गिरणीतल्या नोकरदाराचे चरित्र घेऊन बसलो आहो. काहींच्या कपाळास आठी पडेल. हा गृहस्थ आपल्या संप्रदायातला नव्हे, सत्यशोधक समाजाचा. त्याने अभंग रचले नाहीत, मठ बांधला नाही, त्याची पालखी निघत नाही. मग हे चरित्र येथे कशाला? तर ऐका. परळ-लालबागेत चाळीचाळींतून ज्या भजनी मंडळ्यांनी पिढ्यानुपिढ्या रविवारी टाळ धरला, त्यांच्या हातात तो रविवार कुणी आणून ठेवला, हे आपल्यातल्या थोड्यांसच ठाऊक आहे. आम्ही विशीत असताना त्या चाळींतून कीर्तनास उभे राहत असू. साचेवाल्यांच्या हातचा बुक्का आम्ही लावून घेतला, त्यांच्या घरची भाकरी खाल्ली. ज्याच्या पुण्याईने ती मंडळी समोर बसू शकत होती त्याचे नाव न घेणे हा कृतघ्नपणा होईल.

नारायणराव लोखंडे यांचा जन्म इ. स. १८४८ मधला, ठाण्याचा. वडिलांचे नाव मेघाजी. जात माळ्याची, म्हणजे आपल्या सावतोबांचीच. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले. घरची स्थिती बेताची, म्हणून शिक्षणही बेताचेच झाले. पण इंग्रजी लिहिण्यावाचण्यापुरते आले, आणि त्या काळी तेवढ्यावर नोकरी मिळे. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात, आणि त्यानंतर मुंबईच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर, म्हणजे कोठारावरचा कारभारी, अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. पहिल्या दोन नोकऱ्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. तिसरीने मात्र माणूस घडवला.

गिरणी म्हणजे त्या काळी काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची कथा कळायची नाही. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली. पुढच्या तीस वर्षांत त्या बेटावर धुराड्यांचे रान माजले. कोकणातून बोटीने आणि घाटावरून पायी किंवा आगगाडीने माणसे आली. रत्नागिरी, सातारा, पुणे, जिथे जिथे शेत पोट भरीनासे झाले तिथून आली. त्यांच्यात विठोबाच्या वारीचे पुष्कळ होते. पहाट उजाडताच गिरणी सुरू होई आणि दिवस मावळला की थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचे होई. थंडीत दिवस लहान, म्हणून तेवढाच दिलासा. माणसाची वेळ सूर्य ठरवी, पण सूर्याच्या दयेने नव्हे; दिव्याचा खर्च वाचावा म्हणून. दुपारची भाकरी पुष्कळ ठिकाणी साच्याशेजारीच, कापसाच्या उडत्या तंतूंसकट, गिळावी लागे. बायका कामावर होत्या, सात-आठ वर्षांची पोरेही होती. पगार महिना-दोन महिने मागे राहत असे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. वारास सुट्टी नाही. चाके मधून मधून थांबत, ती यंत्र पुसण्यासाठी. आणि पुसायला पुन्हा तेच हात.

येथे आम्हांस आमच्या पाठशाळेतली एक गोष्ट आठवते. व्याकरण शिकताना गुरुजी कर्ता आणि करण यांतला भेद सांगत. जो आपल्या इच्छेने क्रियेस प्रवृत्त होतो तो कर्ता. ज्याच्या साहाय्याने क्रिया घडते ते करण. कुऱ्हाडीने लाकूड तोडले तर तोडणारा कर्ता, कुऱ्हाड करण. लहान पोरासही हे कळते. गोरोबा काकांचे चाक गोरोबांच्या हाताने फिरे. ते नामात रंगले की हात थांबे आणि हात थांबला की चाकही थांबे. जनाबाई दळायला बसे, तेव्हा जात्याचा दुसरा खुंटा धरायला प्रत्यक्ष पांडुरंग येई अशी आपली श्रद्धा. जाते दोघांचे होते. त्यात सुखदुःख बोलायला जागा होती. गिरणीत हे उलटले. तिथे चाक आधी फिरू लागते आणि हाताने त्याच्या मागे धावायचे असते. चाक दमत नाही, म्हणून हाताने दमायचे नाही. कुऱ्हाड कर्ता झाली आणि तोडणारा करण झाला! यात दोष यंत्राचा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. यंत्राला लोभ नसतो. यंत्राच्या न दमण्याचे माप घेऊन त्या मापाने माणूस मोजणारा जो असतो, लोभ त्याचा.

आता हे सारे जुने झाले असे कुणी समजू नये. आज माग आपोआप चालतात, हिशेब आपोआप होतात, पत्रेसुद्धा यंत्र लिहिते. रस्त्यावर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराला मोबाईलच्या पडद्यावरून हुकूम सुटतो आणि किती मिनिटे उशीर झाला तेही तो पडदाच मोजतो. त्या पोराला ताप आहे का, घरी आई आजारी आहे का, हे मोजायचे मात्र त्यात साधन नाही. असो. आपण नारायणरावांकडे वळू.

कोठाराच्या माणसाचे काम नोंदीचे. पट्टे किती आले, तेल किती गेले, बॉबिने किती मोडली, दोरी, चामडे, लोखंड, सगळे वहीत चढवायचे. यंत्राचा एक दात तुटला तर त्याची नोंद व्हावयाची आणि नवा आणवावयाचा. माणसाचे बोट गेले तर ते चढवावयास वहीत रकाना नव्हता. दुसरा माणूस फाटकाशी उभाच असे. नारायणरावांच्या मनाला जो चटका बसला तो येथे बसला असावा, असे आम्हांस वाटते. कारण पुढे त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्यांत हे तुटलेले बोट पहिल्यापासून आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या मंडळींत नारायणराव सामील झाले. या समाजाने आम्हा पुराणिक-कीर्तनकारांवर पुष्कळ कोरडे ओढले. त्यांतले काही आम्हांस अजून मान्य नाहीत. काही मात्र पाठीवर बरोबर जागीच बसले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दक्षिणेसाठी कथा लांबवणारे आणि यजमानाचे तोंड पाहून अर्थ फिरवणारे आमच्यात होते. आजही नाहीत असे नाही. त्या समाजाच्या विचाराचे ‘दीनबंधु’ नावाचे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढले होते. ते पैशावाचून बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस नेले आणि आपल्या खांद्यावर घेतले. पुढे मरेपर्यंत ते त्यांनी चालवले. गिरणीत काय चालते ते आता छापून येऊ लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते ते दुसऱ्याकडून वाचून घेत.

१८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, ही त्यातली मुख्य दया. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी एक अक्षर नाही, बायकांच्या तासांविषयीही नाही. आता गंमत पहा. हा कायदा व्हावा म्हणून विलायतेत मोठी खटपट चालली होती ती मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची. मुंबईचे कापड स्वस्त पडते, कारण मुंबईचा मजूर अधिक तास राबतो. ते तास कमी झाले तर आपले कापड खपेल, हा त्यांचा हिशेब. दयेच्या अंगरख्याखाली लोभच होता. आणि इकडे आपल्या देशी वृत्तपत्रांतली बरीचशी कायद्याच्या विरुद्ध उभी राहिली, कारण नुकताच उगवलेला स्वदेशी धंदा खुडला जाईल ही भीती. ती भीतीही अगदी खोटी नव्हती. परंतु या दोन्ही बाजूंच्या वादात साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारले नाही. नारायणरावांनी त्याला विचारले. त्यांचे मोठेपण आमच्या मते येथे आहे. ज्या बाजूने देशाभिमान मिळतो ती बाजू सोडणे आणि ज्या बाजूला परकी व्यापारी उभा आहे तिकडचा म्हणवून घेण्याचा धोका पत्करणे, हे सोपे नसते. त्यांनी देशाचा अर्थ देशातली माणसे असा घेतला.

१८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. नारायणराव अध्यक्ष. साडेपाच हजार कामगारांनी एका अर्जावर सह्या केल्या. सह्या म्हणजे पुष्कळांचे अंगठेच, हे सांगावयास नको. त्या अर्जातल्या मागण्या आजच्या वाचकाने सावकाश वाचाव्यात. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास भाकरी खाण्यास मोकळीक. काम सकाळी साडेसहास सुरू व्हावे आणि सूर्यास्तास संपावे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. काम करताना इजा झाली तर बरे होईतो पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तरतूद व्हावी. एवढेच. मजुरी वाढवून द्या असेही त्यात नाही! भाकरी बसून खाऊ द्या, कमावलेला पैसा वेळेवर द्या, मोडलो तर फेकून देऊ नका. जी नोंद कोठाराच्या वहीत होत नव्हती ती त्यांनी या अर्जात केली. भरपाईचा कायदा सरकारने १९२३ साली केला आणि पगार वेळेवर देण्याचा १९३६ साली. अर्जाला तोवर बावन्न वर्षे झाली होती.

रविवारच का, यावर त्या वेळी बरेच बोलणे झाले. रविवार हा साहेबाच्या देवळाचा दिवस, तो हिंदू मजुरास कशाला, असा आक्षेप घेता येण्याजोगा होता. नारायणरावांचे उत्तर चतुर होते आणि खरेही होते. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीचा मल्हारी ज्यांचे कुलदैवत, अशी हजारो घरे गिरणीत राबत होती. त्यांना कुलाचार करायला, अंघोळ करून भंडारा उधळायला तोच वार हवा. शिवाय सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी द्यावा हाही त्यांचा विचार होता. आपण वारकरी असतो तर एकादशी मागितली असती, आणि मग महिन्यास दोनच सुट्ट्या पदरात पडल्या असत्या. तेव्हा खंडेराव पावला हे बरे झाले.

मालकांनी अर्ज ऐकला नाही. सरकारने चौकशी नेमली, चौकशीचे कागद झाले, कागदांवर धूळ बसली. सहा वर्षे अशी गेली. नारायणरावांची संघटना म्हणजे ‘मिलहँड्स असोसिएशन’. तिला ना वर्गणी, ना गंगाजळी, ना पक्के नियम. आजच्या युनियनवाल्यांना हसू येईल. परंतु एवढ्या वर्षांत ते अर्जामागून अर्ज करीत राहिले, ‘दीनबंधु’त लिहीत राहिले. वारी चालणाऱ्याला हे नव्याने समजावून देण्याची गरज नाही. यंदा दर्शन झाले नाही म्हणून पुढल्या वर्षी कुणी घरी बसत नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. आमच्या मनात हे दृश्य फार वेळा येते. ज्या बायका पहाटे पोराला अर्धवट पाजून भोंग्यामागे धावत, त्यांच्यापैकी दोघी दहा हजार पुरुषांसमोर तोंड उघडतात! त्या काळात वरच्या जातीच्या घरातल्या बाईला ओसरीवर येण्याची चोरी होती. मुक्ताबाई-जनाबाईंच्या नावाचा गजर करणाऱ्या आम्हा लोकांनी आमच्या फडावर स्त्रियांना केव्हा आणि कितपत उभे राहू दिले, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच १८९० साली त्यांनी आणखी एक काम केले, ते आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला सांगताना जड जाते, पण सांगितले पाहिजे. विधवा झालेल्या बाईचे केशवपन करण्याची चाल तेव्हा वरच्या जातींत होती. नारायणरावांनी मुंबईच्या न्हाव्यांची सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही असे शेकडो न्हाव्यांनी ठरवले. शास्त्र काय म्हणते यावर त्या वेळी पुण्यामुंबईत ग्रंथ उलटले जात होते. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याला मात्र कुणी विचारले नव्हते. नारायणरावांनी पुन्हा हातालाच विचारले. आपले सेना महाराज न्हावीच. त्यांचा धंदा लोकांचा मळ उतरवण्याचा. रडणाऱ्या पोरीचे डोके धरून तिचे रूप उतरवण्याचा नव्हे. त्या न्हाव्यांचे त्या दिवशी उत्पन्न बुडाले असेल. करण म्हणून वापरला जाणारा माणूस नाही म्हणाला की तो त्या क्षणी कर्ता होतो.

सरकारने १८९० मध्ये पुन्हा आयोग नेमला. त्याच्या कामात कामगारांच्या बाजूने नारायणरावांचा सहभाग होता. १८९१ चा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती कायद्याने बांधून मिळाली. बायकांना अकरा तासांची मर्यादा लागली. नऊ वर्षांखालचे मूल कामावर घेण्यास बंदी झाली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा ठरली. मोठ्या पुरुषाचे तास मात्र तसेच मोकळे राहिले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताचीही आडकाठी उरली नाही, आणि १९०५ च्या सुमारास पंधरा-पंधरा तास काम होऊ लागले. उजेड वाढला आणि माणसाची रात्र गेली. पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली गेली ती १९११ साली. ते पाहायला नारायणराव नव्हते.

१८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. दोन्हीकडचे मजूर गिरणीत शेजारी शेजारी उभे राहणारे. त्यांनीच एकमेकांवर हात उचलले. नारायणराव वस्त्यांतून फिरले, सलोख्याच्या सभा घेतल्या, माणसे शांत केली. या कामाची दखल घेऊन सरकारने त्यांना १८९५ मध्ये रावबहादूर केले. किताबाने पुष्कळ माणसे वाड्यात जाऊन बसतात. हे बसले नाहीत, याचा पुरावा पुढल्या दोन वर्षांत मिळाला.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात प्लेगने पहिली माणसे घेतली, आणि बघता बघता मुंबई रिकामी होऊ लागली. बोटी आणि आगगाड्या भरभरून लोक गावी पळाले. गिरण्यांची चाके माणसांवाचून अडली. जे मालक दोन-दोन महिने पगार अडकवून ठेवीत, त्यांची माणसे आता रस्त्याच्या नाक्यावर उभी राहून, रोजचे पैसे रोज हातावर देऊ करून, एकमेकांचे मजूर ओढू लागली. माणसाचे मोल त्यांना कळले ते असे, बाजारात माल तुटल्यावर व्यापाऱ्याला कळते तसे.

नारायणरावांनाही गाव होते. जाता आले असते. किताब होता, ओळखी होत्या. ते राहिले. सरकारी दवाखान्यात नेतील या भीतीने लोक रोगी माणसाला लपवून ठेवीत. घरचा माणूस परक्याच्या हाती गेला की परत येत नाही ही भीती गरिबाच्या पोटात फार खोल असते. म्हणून नारायणरावांनी आपल्या लोकांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात पुढाकार घेतला, की रोग्याला निदान आपल्या भाषेत पाणी मागता यावे. ज्या चाळींतून निरोगी माणसे पळत होती तिथे ते जात राहिले. तिथेच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. वय पन्नाशीच्याही आत. जोतीराव सहा वर्षांपूर्वीच गेले होते. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई त्यांच्यामागून एका महिन्यात, १० मार्चला, त्याच रोगाने गेल्या.

त्यानंतर पुष्कळ काळ लोटला. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. २००५ साली भारत सरकारने नारायणरावांचे टपालाचे तिकीट काढले. तरुणपणी ज्या खात्यात त्यांनी चाकरी केली त्याच खात्याने. परळच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत त्यांत भजनी मंडळ्याही आहेत. आता गिरणीत जाणारे कुणी नाही. कुणी रखवालदार, कुणी गाडीवर, कुणी दुकानात, आणि पुष्कळांना रविवारीच काम असते. म्हणून एका मंडळाने आपले भजन अलीकडे सोमवारी रात्री दहानंतर ठेवले आहे.